एकेक लेन्स काढताना

नलिनी मॅडमना मी पहिल्यांदा भेटले ती मुलाखतीसाठी. सयाजीगंजमधल्या आमच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर. खाली खमणचे दुकान होते आणि फोडणीचा वास वरपर्यंत येत होता. मॅडमनी माझी प्रमाणपत्रे न उघडता बाजूला ठेवली आणि विचारले, "राहतेस कुठे?"

"मांजलपूरला."

"फ्लॅट ना? मग समज, तुमच्या सोसायटीची सगळी माहिती एका मोठ्या नोंदीत आहे. सोसायटीत विंग, विंगमध्ये मजला, मजल्यावर फ्लॅट, फ्लॅटच्या दारावर पाटी. तुमच्या पाटीवरचं नाव बदलून दाखव."

मी कोडच्या दोन ओळी लिहिल्या. थेट आत शिरून नाव बदलले.

"बदललं, बरोबर. आता आधीचं नाव काय होतं ते सांग."

ते गेले होते. मी ते कुठे ठेवलेच नव्हते.

"सोमवारपासून ये," मॅडम म्हणाल्या.

त्यांच्या साठीनिमित्त निघणारा हा ग्रंथ बहुतेक त्यांचे नातेवाईक, शेजारी आणि जुने विद्यार्थी वाचतील. त्यांचे काम नेमके काय होते ते घरच्यांनाही सांगता येत नाही, असे त्या हसून म्हणत. म्हणून थोडक्यात सांगते. आमची कंपनी डायलिसिस केंद्रांसाठी वेब-अ‍ॅप बनवते. ब्राउझरमध्ये जो पडदा दिसतो त्याच्यामागे अ‍ॅपची त्या क्षणाची सगळी स्थिती एकाच नोंदीत असते: रुग्ण कोण, यंत्र कोणते, आधीचे वजन, नंतरचे वजन. आत खोलवर असलेली एखादीच गोष्ट बदलायची असेल, तर मॅडम लेन्स वापरत. लेन्स म्हणजे दोन छोट्या फंक्शनांची जोडी. पहिले आतला तेवढा भाग काढून दाखवते. दुसरे, त्या जागी नवा भाग बसवलेली पूर्ण नवी नोंद हाती देते. जुनी नोंद होती तशीच राहते. विंगची, मजल्याची आणि फ्लॅटची लेन्स अशा एकमेकींना जोडल्या की पाटीपर्यंत पोचता येते आणि वाटेतल्या कोणाच्या दाराला धक्का लागत नाही.

प्रत्येक लेन्ससाठी मॅडमचे तीन नियम होते. ठेवले तेच परत दिसले पाहिजे. दिसले तेच परत ठेवले तर काही बदलता कामा नये. दोनदा ठेवले तर दुसरे तेवढे उरले पाहिजे. संगणकावर चाचण्या चालत, तरी हे तिन्ही नियम हाताने पडताळलेला कागद टेबलावर आल्याशिवाय मॅडम कोड पुढे जाऊ देत नसत. ऑफिसात त्या कागदाला सगळे हॉलतिकीट म्हणत. मॅडमना ते ठाऊक होते. "हॉलतिकीट आणलंस का?" असे त्या स्वतःच विचारू लागल्या.

दुसऱ्या वर्षी मी रुग्णाच्या वजनाची लेन्स लिहिली. आकडा नेटका दिसावा म्हणून ठेवताना दशांश गाळला. कागदावर पन्नास घेऊन तिन्ही नियम तपासले, तिन्ही जमले. मॅडमनी कागद पाहिला आणि सही केली. आठवड्याभरात एका केंद्रातल्या तंत्रज्ञांचा फोन आला, "मॅडम, वजन अपने आप बदल रहा है." रुग्णाची नोंद उघडून, काही न बदलता जतन केली, तरी आधीपासून असलेल्या ५२.४ चे ५२ होत होते. डायलिसिसमध्ये शरीरातून किती पाणी काढायचे ते वजनावरून ठरते. तंत्रज्ञांनी यंत्र लावण्यापूर्वी रुग्णाला पुन्हा काट्यावर उभे केले, म्हणून निभावले.

मॅडम मला घेऊन त्या केंद्रात गेल्या. तिथल्या डॉक्टरांना त्यांनी सांगितले की तपासणी त्यांची होती, चूक त्यांची आहे. परतताना रिक्षात मी म्हटले, "लेन्स मी लिहिली होती."

"पन्नास किलोचं माणूस मलाही सोयीचं वाटलं," त्या म्हणाल्या. "उद्या सोयीचा नसलेला आकडा घेऊन ये."

बैठकीत मला बोलायला आवडत नाही. हे मी त्यांना कधी सांगितले नव्हते. तरी त्या आदल्या दिवशी माझ्याकडून मुद्दे लिहून घेत आणि बैठकीत माझे नाव सांगून वाचून दाखवत. या गोष्टीवर आमच्यात कधी बोलणे झाले नाही.

संपादकांनी मला मॅडमच्या चिरस्थायी कार्यावर लिहायला सांगितले आहे. ते मला लिहिता येत नाही, कारण ते कार्य सध्या मी काढून टाकते आहे.

मॅडमनी शनिवारी लेन्सचा वर्ग सुरू केला होता. आधी नऊ जण येत, मग चार, मग मी एकटी. नव्या मुलामुलींना बाजारात चालणारी पद्धत हवी होती आणि त्यांचे चूक होते असे मी म्हणणार नाही. शेवटी कंपनीचे मालक हितेशभाई मॅडमच्या टेबलापाशी आले. "नलिनीबेन, आ नवा लोकोने समजातुं नथी." नव्या लोकांना हे समजत नाही, असे त्यांचे म्हणणे.

मॅडमनी वर्ग पुन्हा घेण्याची तयारी दाखवली.

"पण तमे तो हवे जवाना," ते हळू आवाजात म्हणाले. तुम्ही तर आता जाणार, असा त्याचा अर्थ.

मॅडम निवृत्त होणारच होत्या.

सगळ्या लेन्स काढून त्या जागी तयार लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला आयता कोड, बसवायचे ठरले. जुना कोड वाचता येणारी मी एकटी, म्हणून काम माझ्याकडे आले. दुसऱ्या दिवशी मॅडमनी स्वतःची खुर्ची माझ्या टेबलाशी ओढून आणली.

"तुम्ही कशाला, मॅडम? मी करते ना."

"करशीलच. पण चार डोळ्यांनी बघितलेलं बरं."

निवृत्तीच्या दिवसापर्यंत त्या माझ्याशेजारी बसून आपलेच काम काढून टाकत होत्या. नव्या कोडसाठीही त्यांनी कागद मागितला. एकदा मी विचारले, "वाईट नाही वाटत?"

"वाटतं की. पण वजन चुकलं तर पेशंटला काय सांगू, मला वाईट वाटत होतं म्हणून?"

त्या गेल्या तेव्हा निम्म्याहून अधिक लेन्स निघाल्या होत्या. उरलेल्या मी एकटी काढते आहे. नव्या कोडमध्ये कोणीही कुठूनही आत शिरून काहीही बदलू शकते. कागद कोणी मागत नाही. पहिले काही दिवस मी स्वतःसाठी लिहीत होते. मग मुदत जवळ आली आणि मीही थांबले. शिकवलेले सगळे अजून मला येते. पण ज्याला दाखवावे असे कोणी ऑफिसात उरलेले नाही.

परवा मॅडमचा फोन आला. प्रकृतीचे बोलणे झाल्यावर त्यांनी विचारले, "नीट चाललंय ना गं?" मी हो म्हटले. ते खरे नव्हते. फोनवर सांगायला जमले नाही, म्हणून इथे दुरुस्त करते.

नलिनी मॅडमना दीर्घ आयुष्य लाभो. गुडघे साथ देवोत, झोप शांत लागो, माणसे भोवती असोत. हे मी मनापासून लिहिते आहे. आणि यापुढे फोन केला, तर त्यांनी फक्त स्वतःबद्दल बोलावे. तोवर शेवटची लेन्सही निघालेली असेल आणि माझ्याकडे त्यांना सांगण्यासारखे काही उरलेले नसेल.