गुरुदत्तची डावी सर्व्हिस

गुरुदत्त अंबुरे सोलापूरचा. अठराव्या वर्षी राज्याच्या टेनिस संघात होता. परदेशात, क्लेटनला युनिमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीत, शिकायला आला तेव्हा बॅगेत पुस्तकं कमी आणि रॅकेट्स जास्त. मोठ्या स्पर्धांच्या पात्रता फेऱ्या तो इथे तीनदा खेळला. तिन्ही वेळा पहिल्याच सामन्यात हरला. मग पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना घेतला, डँडेनॉन्गच्या एका कारखान्यात सुपरवायझर झाला. शनिवारी मात्र ग्लेन वेव्हर्लीच्या क्लबकडून खेळायचा. त्याच्या सर्व्हिसला तिथे तोड नव्हती.

गेल्या वर्षी मार्चमध्ये, कारखान्यात मशीनमध्ये अडकलेला पुठ्ठा काढताना ते अचानक सुरू झालं. उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली.

हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर येताच त्याने बायकोला, सुनेत्राला विचारलं, "रॅकेटवर ग्रिप येईल का गं?"

"आधी दोन घास खा," ती म्हणाली.

आठ महिने तो डाव्या हाताने खेळायला शिकला. सर्व्हिससाठी चेंडू उजव्या अंगठ्यात आणि करंगळीत धरून वर उडवायचा. दहातले सहा भलतीकडेच जायचे. तरी फेब्रुवारीत त्याने संघात नाव दिलं. कप्तान यतिन हा युनिपासूनचा मित्र. त्याला नाही म्हणवेना.

पहिल्या सामन्यात त्याच्या पहिल्या दोन सर्व्हिस गेममध्ये सगळ्या सर्व्हिस नेटमध्ये गेल्या. मग समोरचा पिकल्या केसांचा गोरा गडी अगदी हातात दिल्यासारखे चेंडू टाकू लागला. गुरुदत्त नेटपाशी गेला.

"नीट खेळ, मेट."

"नो वरीज. यू आर डूइंग ग्रेट."

"नीट खेळ म्हटलं ना!"

मग तो गडी नीट खेळला. गुरुदत्त सहा-शून्य, सहा-शून्य हरला.

परतताना गाडीत गुरुदत्त म्हणाला, "यतिन, माझं नाव काढ. माझ्यामुळे टीम खालच्या ग्रेडला जाईल."

"काहीतरीच काय बोलतोस," एवढंच यतिनने म्हणायला हवं होतं. पण तो समोर रस्त्याकडे बघत म्हणाला, "बरं. सोमवारी कळवतो क्लबला."

बोटं गेली तेव्हा गुरुदत्त रडला नव्हता. त्या दिवशी घरी आल्यावर बूटही न काढता बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून रडला. सुनेत्राने दार वाजवलं नाही. बाहेर भिंतीला टेकून उभी राहिली.

यतिनचे नंतर दोन मेसेज आले. गुरुदत्तने उत्तर दिलेलं नाही. सुनेत्राने विषय काढलाच तर म्हणतो, "ते झालं गं आता," आणि मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला जातो.