डॉक्टरांच्या नावाने दिलेली विश्रांती

माझा धाकटा भाऊ सुतार आहे. दारे आणि खिडक्या हे त्याचे मुख्य काम. अडुसष्टाव्या वर्षी दुकानात त्याला भोवळ आली, तेव्हा मुलाने त्याला दवाखान्यात नेले. तपासणीनंतर भाऊ बाहेर बाकावर बसला आणि मुलगा डॉक्टरांशी बोलून आला. त्याने सांगितले की, रक्तदाब वाढला आहे, रोज गोळी घ्यायची आणि यापुढे पूर्ण विश्रांती घ्यायची.

डॉक्टरांचा शब्द भाऊ मोडत नसे. त्याने दुकानाची किल्ली मुलाच्या हाती दिली. घरातही त्याला इकडची काडी तिकडे करू देत नसत. पाण्याचा पेलासुद्धा सून खुर्चीजवळ आणून देई. मी भेटायला गेले की तो म्हणे, "ताई, मला राजासारखं ठेवलंय. फक्त राज्य काढून घेतलंय."

दोन वर्षांत त्याच्या मांड्या वाळल्या. खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागे. आम्ही म्हणालो, वय झाले. मग एका सकाळी न्हाणीघरात तो पडला व डावे मनगट मोडले. प्लास्टर घातल्यावर त्याच डॉक्टरांनी त्याला हात न टेकता उठायला सांगितले. त्याला उठता आले नाही.

"काम कधी सोडलंत?" त्यांनी विचारले.

"तुम्हीच सोडायला लावलंत ना."

"मी? मी तर तुमच्या मुलाला सांगितलं होतं, गोळी चुकवू देऊ नका आणि यांचं काम बंद करू नका."

मग त्यांनी आम्हांला समजावले. उतारवयात स्नायू थोडे थोडे झिजतातच. परंतु वापर थांबला की ती झीज झपाट्याने होते. भार पडला नाही तर हाडेही विरळ होतात. जेवणातली पुष्कळशी साखर स्नायू शोषून घेतात, म्हणून ते गेले की मधुमेहाला वाट मिळते. वय थांबवता येत नाही. मात्र त्याच्यासोबत येणारे बरेच आजार लांबवता येतात.

भाऊ मुलाकडे पाहत होता. भाचा मान खाली घालून म्हणाला, "गिऱ्हाईक तुमच्याशीच बोलायचं, बाबा. तुम्ही असेपर्यंत मला कुणी मिस्त्री म्हणणार नव्हतं."

"मग तसं सांगायचं होतंस. दुकान तुला देऊन मी कोपऱ्यात ठोकत राहिलो असतो. डॉक्टरांचं नाव कशाला घेतलंस?"



तेव्हापासून भाऊ माझ्याकडे राहतो. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून उठणे-बसणे करतो. या वयातही स्नायूंना ताकद येते, असे डॉक्टर म्हणाले. पूर्वीइतकी येईल, असे मात्र म्हणाले नाहीत. सध्या तो टेबलाचा कोपरा धरून उठतो आणि उठल्यावर त्याचे गुडघे थरथरतात.

काल सून निरोप घेऊन आली. दुकानात खुर्ची ठेवली आहे, मामंजींनी येऊन बसावे, नवऱ्याच्या जिवाला चैन नाही, असे ती म्हणाली. भावाने तिला चहा घ्यायला लावला, तिच्या माहेरची विचारपूस केली. मग शांतपणे म्हणाला, "त्याला सांग, बसायला मी येणार नाही. नीट उभं राहता आलं की येईन आणि माझी हत्यारं घेऊन जाईन."