माहेरचं बाळंतपण
शेजारी बाळंतिणीला ओवा-शेपांची धुरी देतात, तो वास आला की मला बुरोंडीतली माझी सासुरवाडी आठवते. एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट, मी पोफळीला नोकरीला होतो आणि बायकोला दिवस गेले होते. डॉक्टर, डिंक-खारीक, मालीशवाली, बारसं असा सगळा खर्च मी कागदावर मांडला आणि तिला म्हटलं, "पहिलं बाळंतपण माहेरीच होतं. आई करतील सगळं." तिची आई विधवा, डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासळी विकायची. वाचलेल्या पैशांत मी टेपरेकॉर्डर घेतला. बारशाला गेलो, तर अंगणात सुकट वाळत होती, आतून धुरीचा वास येत होता आणि पाणी द्यायला आलेल्या सासूबाईंच्या कानांत सोन्याच्या कुड्या नव्हत्या. भोकं बुजू नयेत म्हणून केरसुणीच्या काड्या घातल्या होत्या. मी बघतोय हे कळताच त्यांनी पदर पुढे ओढला. "पोरीला काय कमी पडू दिलं नाय हां, जावईबापू," त्या म्हणाल्या, "काय राहिलं असंल तर सांगा." माझ्या खिशात पगार होता. पण तो पुढे केला असता, तर मला सगळं कळलंय हे कबूल करावं लागलं असतं. मी पाणी पिऊन तांब्या परत दिला. सासूबाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. बायकोने त्या दिवसाबद्दल मला कधी काही विचारलं नाही, आणि तिने विचारू नये म्हणून मी अजून जपतो.