गोलातली रिकामी जागा

वाशीत तेव्हा इमारती कमी आणि चिखल जास्त. तिथल्या एका नव्या लॉ कॉलेजात मी संध्याकाळी शिकवायचो, तेही हंगामी. एक दिवस प्राचार्य म्हणाले, "शेवटच्या वर्षाला नेतृत्वगुण शिकवा. वकिलाला चार माणसं पुढे नेता आली पाहिजेत." अहो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून 'पाणी येत नाही' एवढं सांगायची मला हिंमत नव्हती! पण नाही म्हणायलाही हिंमत लागते. हो म्हणालो.

फळ्यावर लिहिलं, 'नेता पुढे असतो.' त्यापुढे काय लिहावं ते कळेना, म्हणून वर्गालाच कामाला लावलं. तुमची एक खरी अडचण घ्या आणि प्राचार्यांना अर्ज लिहा.

अडचण तयारच होती. जवळच्या पावणे गावातल्या कारखान्यात पॅकिंगला जाणारी एक बाई वर्गात होती, तिशी उलटलेली. दर आठवड्याला कामाची पाळी बदलायची, त्यामुळे हजेरी कमी भरली. आता परीक्षेचा फॉर्म अडकणार होता. सासरच्यांनी बजावलं होतं, यंदा झालं तर झालं, नाहीतर पुस्तकं रद्दीत.

अर्ज हातात आला आणि मी तडकलो. मजकुराखाली सगळ्या सह्या गोलात!

"ही काय रांगोळी घातलीत?"

"सर, कंपनीत आमी असंच करतो," ती म्हणाली. "पहिली सही कुनाची ते सायबाला कळलं, की त्याला गेट बंद."

"हा कारखाना नाही, कॉलेज आहे. सह्या एकाखाली एक. पुढारी वर!"

"काम माझं, मग वर नाव पन माझंच," म्हणत तिने नव्या कागदावर पहिली सही केली. मी खूश. जुना कागद पिशवीत कोंबला.

प्राचार्यांनी वरच्याच नावावर बोट ठेवलं. "हजेरीला नाही, पण बाकीच्यांना भडकवायला बरी आहे! फॉर्म मिळणार नाही."

"सर, मीच त्यांना सांगितलं होतं..."

"तुम्ही? मग द्या तसं लेखी." त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला.

माझी नेमणूक दरवर्षी त्यांच्याच सहीने व्हायची. मी कागद तसाच कोरा परत केला. लोका सांगे ब्रह्मज्ञान! शरम वाटली, आजही वाटते.

तिचं वर्ष गेलं. पुस्तकं मात्र रद्दीत गेली नाहीत. घरी किती भांडावं लागलं, ते विचारायला मला तोंड नव्हतं. जूनमध्ये ती पुन्हा पहिल्या बाकावर. तास सुरू व्हायच्या आधी मी पिशवीतून तो गोल सह्यांचा कागद काढला. सुट्टीत कितीदा तरी पाहिला होता. गोल एका ठिकाणी बोटभर मोकळा होता.

"इथे कोण राहिलं होतं?"

"तुमी, सर," ती सहज म्हणाली. "तुमच्यासाठीच जागा ठेवली होती. पन तुमी चिडलात."

मी फळ्याकडे वळलो. 'नेता' एवढं लिहिलं आणि पुढचं काही केल्या सुचेना. मागे सगळे वाट बघत होते. तीसुद्धा, वही उघडून.