वातींचा कापूस

सरकी काढलेल्या कापसाचा वास आला की लातूर जिल्हा नवा झाल्यानंतरच्या दुष्काळातील अहमदपूरची एक दुपार आठवते. दिवंगत वडिलांचे टेपवरील रुद्रपठण आईला ऐकवावे म्हणून मी पुस्तकांच्या फळीवर मावणारे दोन स्पीकर पारखून आणले. परंतु आवाज घुमे, शब्द कळेनात. रेडिओ दुरुस्त करणारे चाचा स्पीकरची खोकी उघडून म्हणाले, “अम्मा, आवाज घुमू नये म्हणून आतून कापूस लावावा लागंल.” त्या वर्षी कापूस पिकलाच नव्हता, घरात होता तो श्रावणातील वातींसाठी राखलेला. मी संकोचलो. आई म्हणाली, “महादेव काय अंधाराला भिऊन राहिलाय? लाव तू!” टेप पुन्हा सुरू झाली. मंत्र स्पष्ट उमटले. मध्येच वडील हलकेच खाकरले, आणि आईने पदर डोळ्यांना लावला. आज वात वळताना मला ते खाकरणेच आधी ऐकू येते.