कॉम्प्युटरबाईंचं मत

माणसाने एकदा जिंकावं आणि गप घरी बसावं. पण लोक बसू देतात होय?

बस स्टँडवरच्या चौकशी खिडकीत बसणाऱ्या बाई पंधराएक वर्षांपूर्वी टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत पहिल्या आल्या, आणि तेव्हापासून सगळे त्यांना कॉम्प्युटरबाई म्हणायला लागले. त्यांची खासियत अशी, की प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर तयार. सूत्रसंचालकाने 'जगातली सर्वांत लांब...' एवढं म्हणेपर्यंत बाईंचा हात बटणावर. खिडकीतही तेच. प्रवाशाने नुसतं 'अहो, ती सकाळची...' म्हणावं, की बाईंनी फलाट, वेळ, वाटेतले थांबे सगळं सांगून टाकावं. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर वेळापत्रकाचा हा एवढा मोठा बोर्ड होता, पण बाईंनी मान वळवून त्याच्याकडे बघितलेलं कुणाला आठवत नव्हतं. जुने कंडक्टर नव्यांना मुद्दाम खिडकीशी घेऊन यायचे. म्हणायचे, बाईंनी बोर्ड बघितला तर चहा माझ्याकडून.

आणि या टीव्हीवाल्यांना आता दुर्बुद्धी सुचली. आजवरच्या सगळ्या विजेत्यांना बोलावून त्यांच्यातला महाविजेता ठरवायचा का, हे प्रेक्षकांनीच फोन करून सांगायचं होतं. हो किंवा नको. मुदत रविवारपर्यंत.

बाईंच्या यजमानांचं स्टँडसमोर सलून होतं. त्यांनी तर कंबरच कसली. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती कापड आवळलं, की पहिला प्रश्न, 'मत दिलंत का?' आता गळ्यावर वस्तरा असताना 'नको' म्हणायची छाती कुणाची होणार?

एका निवृत्त मास्तरांची झाली. "जुन्यांना कशाला पुन्हा उकरून काढायचं?" मास्तर म्हणाले. "नव्या पोरांना येऊ द्या की."

"वा! म्हणजे पैलवानाचे केस पिकले की त्याला आखाड्यातून हाकलायचं?" बाकावर बसलेला रिक्षावाला म्हणाला. "सगळ्यांत हुशार कोण, ते एकदा कळायला नको?"

"अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडता कशाला?"

मास्तरांची दाढी त्या दिवशी जरा घाईतच उरकली. बाई डबा द्यायला आल्या होत्या, त्यांनी हे दारातून ऐकलं. त्यांना मास्तरांच्या पाया पडावंसं वाटलं.

कारण मूठ रिकामी व्हायला लागली होती, आणि हे फक्त त्यांना ठाऊक होतं.

कुणी लांबलचक काही विचारलं, की शेवटापर्यंत जाता जाता सुरुवातच डोक्यातून निसटायची. म्हणून बाई हल्ली आणखीच लवकर उत्तर द्यायच्या. लोक म्हणायचे, बाई दिवसेंदिवस तल्लख होत चालल्यात! तल्लख कसल्या, डोंबलाच्या! कानावर पडलेला पहिला शब्द विरायच्या आत काहीतरी बोलून मोकळं व्हायचं, एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं. मान वळवून बोर्ड बघितला असता तर भागलं असतं. पण कॉम्प्युटरबाईंनी बोर्ड बघितला, ही बातमी संध्याकाळपर्यंत सलूनमध्ये पोचली असती. आणि 'बाई विसरतात' असं कुणी एकदा तोंडावर म्हणालं, की ते खरंच होऊन बसलं असतं.

त्यांनी स्वतःच्या फोनवरून 'नको' दिलं. यजमान आंघोळीला गेल्यावर त्यांच्या फोनवरूनही दिलं. मग धाकट्या बहिणीला फोन करून दबक्या आवाजात म्हणाल्या, "तू पण नको दे. का ते विचारू नकोस."

"अगं ताई, भाऊजींनी माझ्याकडून कधीच 'हो' घेतलंय!"

बाईंना हसावं की रडावं कळेना. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्या देवाला विनवायच्या, की काहीही कर, पण ही स्पर्धा होऊ देऊ नकोस.

गुरुवारी सकाळी एक मुलगी धापा टाकत खिडकीशी आली. "मोठ्या हॉस्पिटलकडे जाणारी..."

"फलाट चार. सुटतेच आहे, पळा!" बाई म्हणाल्या.

ती गाडी कधीच चारवरून हलवून नऊवर नेली होती. बोर्डावर लाल अक्षरांत लिहिलंही होतं. मुलगी चारवरच्या गाडीत चढली. थेट गाडी, मध्ये कुठे थांबा नाही. उलट्या दिशेला चाललोय हे तिला कळलं, तेव्हा शहर मागे पडलं होतं.

शुक्रवारी ती परत आली. डोळे सुजलेले, केस विंचरलेले नाहीत. तिची आई गेली होती, ही पोचायच्या थोडीच आधी. "सारखी दाराकडे बघत होती म्हणे," मुलगी खिडकीच्या गजांना धरून म्हणाली. "तुम्ही मला चार का सांगितलंत?"

आवाज ऐकून स्टँडचे साहेब बाहेर आले. "ताई, वाईट झालं. पण या बाई चुकणं शक्य नाही. टीव्हीवर जिंकलेल्या आहेत त्या. गडबडीत तुमचाच फलाट चुकला असेल."

रांगेतल्या दोघाचौघांनी माना डोलावल्या. मुलगी बाईंकडे बघत राहिली. बाईंनी तोंड उघडलं. अहो, एक शब्द बोलायचा होता! पण नाही फुटला. तोंड पुन्हा मिटलं.

"असेल," मुलगी म्हणाली. "माझंच चुकलं असेल." आणि निघून गेली.

संध्याकाळी यजमान नाचतच घरी आले. "अगं, 'हो'वाले लई पुढे आहेत! आता घोडामैदान जवळच आहे. फक्त नियम बदललाय. प्रश्न संपल्याशिवाय बटण दाबायचं नाही. चल, सवय करू." सामान्य ज्ञानाचं नवंकोरं पुस्तक उघडून त्यांनी एक प्रश्न सावकाश, शेवटापर्यंत वाचला.

बाईंनी डोळे मिटून ऐकला.

"पुन्हा वाचा." त्यांनी वाचला. "पुन्हा एकदा." त्यांनी पुन्हा वाचला.

मग बाईंचा बांध फुटला. "अहो, शेवट येतो तेव्हा सुरुवात गेलेली असते! नाही राहत माझ्या डोक्यात. मला नाही जायचं तिथे." आणि हुंदके देत देत त्यांनी सगळं सांगितलं. फलाट चार, ती मुलगी, तिची आई, साहेब काय बोलले आणि आपण काय बोललो नाही ते.

यजमानांनी पुस्तक मिटलं. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "एकाच भाजीत तू दोनदा मीठ घालतेस. परवा मला विचारलंस, आपलं लग्न कुठल्या महिन्यात झालं."

"आणि तरी गावभर मतं मागत फिरलात? माझी शोभा करायला?"

"तसं नाही गं." त्यांनी पुस्तक बाजूला सारलं. "वाटलं, स्पर्धा ठरली तर तू पहिल्यासारखी वाचायला बसशील. रोज घोकशील. गंजलेला वस्तरासुद्धा घासला की चालतो. मला दुसरं काय येतं? तू माझ्या डोळ्यांदेखत चाललीस, आणि मी नुसता बघत बसू?"

या माणसाचा राग करावा की त्याला जवळ घ्यावं, बाईंना समजेना. मग मनात दुसरंच काहीतरी आलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"तुम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही मला खिडकीत बसू दिलंत."

यजमानांनी मान खाली घातली.

"मीही बसले," बाई म्हणाल्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं, कोपऱ्यातल्या चपला ओढल्या आणि पायांत घालायला लागल्या.

"अगं, आता कुठे?"

"हॉस्पिटलात. कालच गेली ना तिची आई, कुणीतरी घर सांगेल. तुम्ही पण चला." चपलेचा पट्टा त्यांच्या हाताला लागत नव्हता. "तिचा चेहरा अजून आठवतोय मला. उद्याचं काही सांगता येत नाही."