टिश्यूत धरलेला ग्लास

मी काउंटीच्या क्राइम लॅबमध्ये बोटांचे ठसे तपासते. टेक्सासमधल्या शुगर लँडच्या आमच्या मराठी मंडळात माझी नोकरी म्हणजे सगळ्यांची करमणूक. "आमच्याकडे चोरी झाली तर तुला बोलावू," म्हणून लोक हसतात आणि लगेच आपल्या पोरांच्या मेडिकल अ‍ॅडमिशनकडे वळतात.

त्यातल्या एका काकांनी खरंच बोलावलं. रिटायर्ड हार्टचे डॉक्टर. घर मोठं, आवाज त्याहून मोठा. देवघरातली चांदीची समई गेली होती आणि चोर त्यांनी ठरवूनच टाकला होता. दर आठवड्याला साफसफाईला येणारी मेक्सिकन बाई.

"तू फक्त तिचे फिंगरप्रिंट्स मॅच करून दे, मग मी पोलिसांत कम्प्लेंट करतो," ते म्हणाले. "तिचे इमिग्रेशनचे पेपर्सही धड नसणार."

एवढ्याशा बोलण्यात त्या बाईचा संसार उठणार होता, आणि हे समोर बसून खारे दाणे खात होते. मला तेव्हाच त्यांची चीड आली.

"काका, हे काम असं घरगुती होत नाही," मी म्हटलं. "आणि केलंच, तर सुरुवात तुमच्यापासून. आधी घरातल्यांचे ठसे घेऊन ते वगळायचे. मग जे उरतील ते परक्याचे."

"आमचे? आम्ही काय चोर आहोत?"

"आणि तिचे तर घरभर असणारच. पुसायलाच येते ती."

"देवघरात नसणार. तिथे तिला आम्ही येऊच देत नाही. म्हणून तर म्हणतोय, तिथे तिचा एक ठसा निघाला की संपलं."

त्यांनी काकूंना हाक मारली. काकू गराजमधून स्टीलचा एक ग्लास टिश्यूत धरून घेऊन आल्या. त्याच्या तळाला लाल नेलपॉलिशचा ठिपका होता.

"हा तिचा पाण्याचा. सेपरेट ठेवलाय," काकू म्हणाल्या. "आम्ही कोणी हात लावत नाही."

"धुतं कोण?"

"तीच. बाहेरच्या नळावर."

एकाच माणसाचे इतके निर्भेळ ठसे आम्हाला लॅबमध्येही सहसा मिळत नाहीत. माझ्या आजोबांचा कप गावच्या हॉटेलबाहेर खिळ्याला टांगलेला असायचा. तोही त्यांनाच विसळावा लागायचा. आम्ही बौद्ध, हे या दोघांना चांगलं ठाऊक आहे. तरी तो ग्लास माझ्यापुढे ठेवताना काकूंना काही म्हणजे काही वाटलं नाही. माझं डोकं फिरलं.

मी ग्लास उचलला.

"अगं, ग्लव्ह्ज?" काका म्हणाले.

मी त्यांच्या किचनमध्ये जाऊन तो साबणाने घासला. ठिपका नखाने खरवडून काढला. कोरडा पुसला आणि कपाटात त्यांच्या तसल्याच ग्लासांच्या मधोमध ठेवून दिला. सगळे एकाच सेटमधले होते.

"पोलिसांना जरूर बोलवा," मी निघताना म्हटलं. "ते आधी तुमच्या दोघांचेच ठसे मागतील."

पोलिसांना त्यांनी बोलावलं नाही. बाईला मात्र कामावरून काढलं. समईचं काय झालं ते कोणी पुन्हा बोललं नाही.

गणपतीला मंडळातल्या सगळ्यांना त्यांच्याकडे आमंत्रण होतं, मलाही. पाणी पेपर कपातून दिलं. काकू कोणाला तरी सांगत होत्या की स्टीलचे सगळे ग्लास टाकून दिले, त्यातला तिचा कुठला ते कळेचना.